बाप्तिस्म्याच्या चित्रातले दोन खांब

ओर्सोला ताक्कोनी दिसायला चारचौघींसारखी होती, आणि कास्तेल्दोरात तिला चित्रकार म्हणून कोणी ओळखत नव्हतं. चित्राखाली नाव असायचं तिच्या नवऱ्याचं, गास्पारेचं. पण शेवटची सहा वर्षं गास्पारेला जवळचं दिसत नव्हतं. लांबचं मात्र लख्ख. चौकापलीकडच्या घंटाघरावर कबुतर बसलं तर त्याच्या पायाचा रंग सांगायचा, आणि ताटातला माशाचा काटा त्याला बोटांनी चाचपावा लागे. म्हणून तो चौकात बसून मोठ्या कागदांवर कोळशाने रेखाटनं करी, आणि घरी तांब्याच्या पत्र्यावरचं बारीक काम ओर्सोला करी. पत्र्याला मेण लावायचं, मेणबत्तीच्या धुराने ते काळं करायचं, सुईने त्यावर रेघ ओढायची आणि मग वर तेजाब सोडायचं. जिथे मेण खरवडलं गेलं तिथे तेजाब तांबं खातं, आणि तीच रेघ पुढे शाई धरते. तिचे नखांचे कोपरे कायम पिवळे असत.

मी मेनिको. त्यांच्या दुकानात छपाईच्या यंत्राचं चाक ओढायचो. वीस वर्षं ओढलं. म्हणजे सांगतोय ते ऐकीव नाही.

त्या वर्षी मे महिन्यात ड्यूकच्या वारसाचा बाप्तिस्मा होता. राजवाड्यापासून मोठ्या देवळापर्यंत मिरवणूक निघायची, आणि तिचं चित्र छापून युरोपभरच्या दरबारांना धाडायचं, असं ठरलं होतं. काम गास्पारेला मिळालं. समारंभाची सगळी सूत्रं दरबारातले उमराव मार्केझे व्हित्सानी यांच्या हातात. कोणता मानकरी बाळावरच्या छत्रापासून किती पावलांवर चालेल, कोणाच्या मागे कोण, कोणाची टोपी डोक्यावर आणि कोणाची हातात, हे ठरवायला त्यांना हिवाळा पुरला नव्हता. एका म्हाताऱ्या सरदाराने मानपानावरून आजारपणाचं सोंग घेतलं, तर मार्केझेंनी त्याच्या जागी त्याच्या नावाची रिकामी घोडागाडी चालवली. असे ते गृहस्थ.

चौकाच्या डाव्या अंगाला लोकांना बसायला पायऱ्यापायऱ्यांचं लाकडी मचाण बांधलं होतं. बांधणारा आन्सेल्मो सुतार. सहा-सहा हातांवर एक खांब, असा नकाशा होता. पण मार्केझेंनी स्वतः कल्पून एक चंदेरी गाडा करवून घेतला होता. वर समुद्रदेव, पुढे दोन डॉल्फिन, आणि रुंदी नऊ हात. तो गाडा ज्या गल्लीतून चौकात यायचा तिचं तोंड नेमकं मचाणाखाली. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी दुपारी मधले दोन खांब काढले, आणि गाडा खालून पलीकडे नेऊन पाहिला. मी तिथेच होतो, चणेवाल्यापाशी भाजलेले चणे खात. हे मी पाहिलं, औषधवाल्याने पाहिलं, निम्म्या गावाने पाहिलं.

गास्पारे औषधवाल्याच्या खिडकीत बसून दोन दिवस रेखाटत होता. समारंभाच्या दिवशी मिरवणूक निघायच्या जरा आधी मार्केझेंचा माणूस वर आला.

"इथून सगळ्यांच्या टोप्यांच्या पाठी दिसतात. मार्केझेसाहेब म्हणताहेत, मचाणावर जाऊन बस. तिथून छत्राखालचा चेहरा दिसेल."

गास्पारेने आधीचे कागद औषधवाल्याकडे ठेवले, नवे घेतले आणि गेला.

मिरवणूक देवळात शिरली, तोफा सुरू झाल्या. लोक उठून पाय आपटू लागले, तसं मचाण मधोमध बसलं. आवाज मोठा नव्हता. एखादं भरलेलं पिंप घरंगळावं तसा. नऊ माणसं गेली. गास्पारे चौथ्या पायरीवर होता. आत देवळात गाणं थांबलं नाही. विधी संपेपर्यंत मार्केझेंच्या माणसांनी मिरवणुकीचे गालिचे त्या ढिगावर पसरले होते, आणि ड्यूकना मागच्या दाराने नेलं.

तिन्हीसांजेला आन्सेल्मोला घरून उचललं. त्याने खांब वाचवले, सडकं लाकूड वापरलं, असा आरोप ठेवला.

ओर्सोला रडली नाही असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. ती दुकानाच्या मागच्या खोलीत, कागद भिजवायच्या टाकीपाशी बसून रडायची. पण तिच्या दुःखाला एक टोक होतं आणि त्या टोकावर आन्सेल्मो होता. आन्सेल्मोची बायको पेल्लेग्रीना आठव्या दिवशी दारात आली. ओर्सोलाने तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"ओर्सोला, माझं फक्त ऐकून घे."

"तुझ्या नवऱ्याने चार खिळे वाचवले, पेल्लेग्रीना. त्यात माझा नवरा गेला. आता काय ऐकू?"

"खांब त्यांनी काढायला लावले. मार्केझेंच्या माणसाने. तोंडी सांगितलं, म्हणून कागद नाही."

"फाशीच्या दोरापुढे सगळ्यांनाच तोंडी हुकूम आठवतात," असं म्हणून ओर्सोलाने दार लावलं.

मी आत शाई घोटत होतो. खांबांचं मला ठाऊक होतं. मी घोटत राहिलो.

दोन दिवसांनी मार्केझे स्वतः आले. उंच, नाजूक हातांचे, बोलायला अतिशय गोड. त्यांनी आधी गास्पारेच्या आत्म्यासाठी दोन शब्द म्हटले.

"बाई, सुई कोणाच्या हातची आहे हे मला ठाऊक आहे. ऑगस्टअखेर चित्र हवंय. मचाण उभं असेल, लोक आनंदात असतील. जे घडायचं होतं ते देवळात घडलं. बाहेरचं चित्रात येण्याचं कारण नाही."

"माझा नवरा त्या मचाणावर होता, साहेब."

"म्हणूनच तर. त्याचं शेवटचं काम तुम्ही पुरं केलंत तर दुकानाचा परवाना तुमच्या नावावर करून देईन. एरवी विधवेला परवाना मिळत नाही, हे तुम्ही जाणताच."

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

मी औषधवाल्याकडून गास्पारेचे कागद आणले. जूनच्या मध्यावर एका सकाळी ती रेखाटन पत्र्यावर उतरवायला बसली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

"मेनिको, इकडे बघ. इथे दोन खांब कमी आहेत. गास्पारे चुकला का?"

मचाण रिकामं असताना काढलेलं ते रेखाटन होतं. समोर गल्लीचं तोंड, त्यावरून गेलेली लांब तुळई, आणि तुळईखाली खांब नव्हते. बाकीचे खांब तर त्याने गाठींसकट रेखाटले होते.

"एखादा बिशप तो विसरला असता," मी म्हणालो, "खांब विसरला नसता."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

मी बोटांवरची शाई पुसू लागलो.

"कधीपासून?"

"काढले तेव्हापासून. सगळ्यांनाच माहीत आहे, मालकीणबाई."

ती उठली, डोक्याला काळा रुमाल बांधला आणि औषधवाल्याकडे गेली. मीही मागून गेलो. तो बरण्या पुसत होता.

"तुमच्या खिडकीतून गल्लीचं तोंड दिसतं," ती म्हणाली.

"खिडकीतून पुष्कळ दिसतं, बाई. मी दुकानात बघतो. राजवाड्याला औषधं माझ्याकडून जातात, पोरींची लग्नं व्हायचीत. मला खोकल्याचं विचारा, सांगतो."

परतताना ती एवढंच म्हणाली, "आधी पत्रा होऊ दे. मग बघू." मला वाटलं, ती विचार करतेय. आता वाटतं, ती घाबरली होती. आणि शिवाय महिनाभर ज्या माणसाचा राग धरला, तो राग असा एका सकाळी खाली ठेवता येत नाही. ठेवायचा तर मग गास्पारेसाठी हातात उरतं काय?

पत्रा होत राहिला. जुलै आला. आन्सेल्मोला दोनदा दोरीवर चढवल्याची बातमी फुटली. हात मागे बांधून, त्याच हातांनी वर ओढायचं आणि अर्ध्यावर सोडायचं. दुसऱ्या खेपेला दोन्ही खांदे निखळले. तरी तो एकच सांगत होता, हुकूम होता. ओर्सोलाला हे पाववालीने सांगितलं. ती घरी आली, जेवण तसंच ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत एका ओळीतल्या चाळीस टोप्या काढल्या. प्रत्येक टोपीचं पीस वेगळं होतं.

मार्केझे तीनदा बघायला आले. पहिल्यांदा पत्राच पाहिला आणि अस्वस्थ झाले.

"मी डावीकडे का?"

"छापलं की उलटतं, साहेब. उजवीकडे याल."

दुसऱ्या वेळी पहिला छाप पाहिला. भिंग घेऊन स्वतःला शोधलं. "ही माझी मानाची काठी आखूड आहे. आणि हे काउंट माझ्याइतकेच उंच कसे? ते एक पायरी खाली होते." होते की नव्हते देव जाणे, तिने काउंटना एक पायरी खाली आणलं. मग मार्केझेंचं बोट गाड्यावर गेलं. तिने तो कोपऱ्यात, अर्धा गर्दीत दडवून काढला होता.

"गाडा असा लपलेला चालणार नाही. माझी सगळी कल्पना त्यात आहे. तो गल्लीतून बाहेर येताना पूर्ण दिसायला हवा, दोन्ही डॉल्फिनांसकट."

"मचाणाखालून येताना काढू?"

"आला तिथूनच काढा की."

मी चाकाशी उभा होतो. तिच्या मानेची शीर हललेली मला दिसली. ती म्हणाली, "बरं. आणि खाली काय लिहू?"

मार्केझेंनी मजकूर सांगितला, ती लिहून घेत होती. शेवटची ओळ अशी होती: समारंभ जसा पार पडला तसाच, मार्केझे व्हित्सानी यांच्या देखरेखीखाली, त्यांनी स्वतः तपासून.

तिने तो भाग घासून गुळगुळीत केला आणि नव्याने काढला. गाडा मचाणाखालून अर्धा बाहेर आलेला, रुंदीला नऊ हात, वर लांब तुळई, आणि खांब कुठेही नाहीत. गास्पारेने काढलं होतं तसंच. मचाणावर माणसं हसत होती. तिसऱ्या वेळी मार्केझेंनी आपल्या टोपीची पिसं मोजली, काठी पाहिली, डॉल्फिनांवर खूश झाले, छापावर सही करून मोहोर उठवली. तुळईकडे त्यांची नजर गेलीच नाही. जाताना गास्पारेची सगळी रेखाटनं मागून घेतली. "दरबारी दप्तरात ठेवू," म्हणाले. त्यांची पुढे राख झाली, असं राजवाड्यातली एक धोबीण सांगे.

ऑगस्टअखेर दोनशे प्रती राजवाड्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ओर्सोलाने मोहोर उठवलेला तोच छाप गुंडाळला आणि पेल्लेग्रीनाच्या घरी गेली. मला म्हणाली, "तू पण चल. मी मधूनच परतले तर मला ढकल."

पेल्लेग्रीना भोपळा चिरत होती. ओर्सोलाने टेबलावरच्या साली बाजूला सारून चित्र पसरलं.

"वाचता येत नाही मला," पेल्लेग्रीना म्हणाली.

"वाचायचं काही नाही. गाडा मोज."

सुताराची बायको होती ती. तिने सुतळी घेतली, शेजारच्या दोन खांबांमधलं अंतर धरलं, मग ती सुतळी गाड्यावर ठेवली. एक आणि वर अर्धी. पुन्हा ठेवली. मग खालच्या मोहोरेवर बोट टेकवलं.

"हे काय आहे?"

"मार्केझेंची मोहोर. आणि त्यावर लिहिलंय की जसं झालं तसंच चित्र आहे, त्यांनी तपासलंय. हे गरिबांचे खटले फुकट लढणाऱ्या वकिलाकडे ने. तो म्हणेल तिथे मी येते."

पेल्लेग्रीनाने सुतळी चित्रावरून उचलली. "हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "जूनमध्ये," ओर्सोला म्हणाली.

"जूनमध्ये." पेल्लेग्रीनाने सुतळी बोटाला गुंडाळली. "त्याचे खांदे जुलैत गेले."

"हो."

"मग तू आता जा," पेल्लेग्रीना म्हणाली. "चित्र राहू दे. तू जा."

सप्टेंबरात सुनावणी झाली. न्यायाधीश बाहेरगावचे, आमच्याकडे तशीच रीत. वकील पोरगेलासा आणि नाकात बोलणारा, पण त्याने काम चोख केलं. एका बाजूला नकाशा ठेवला, दुसऱ्या बाजूला चित्र, आणि विचारलं, नऊ हातांचा गाडा सहा हातांच्या फटीतून कसा आला? मार्केझे हसले. चित्रकाराची कल्पना, म्हणाले. बायकांना मोजमापं कळत नाहीत.

न्यायाधीशांनी ओर्सोलाला उभं केलं.

"हे तुम्ही कल्पनेने काढलंत का?"

"नाही, साहेब. मला कल्पनेने काढता येत नाही. नवऱ्याने डोळ्यांनी पाहून काढलं, मी ते पत्र्यावर उतरवलं."

"ते रेखाटन कुठे आहे?"

"मार्केझेसाहेबांनी नेलं. त्यांनाच विचारा."

"खांब नव्हते हे तुम्हाला माहीत असताना आधी का सांगितलं नाहीत?"

"मला दुकान राखायचं होतं," ती म्हणाली. "आणि मला वाटत होतं त्या माणसाने मरावं."

सभागृहात कुजबूज झाली. मग न्यायाधीशांनी विचारलं, की खांब काढताना आणखी कोणी पाहिलं का? मी मागच्या बाकावर होतो. मी उठलो. मी उभा राहिल्यावर चणेवाला उठला, त्याच्यामागे दोन हमाल. औषधवाला छताकडे बघत बसला.

निकाल आला तो असा, की कोणीच दोषी नाही, दैवी आपत्ती. मार्केझेंचं नावही त्यात नव्हतं. आन्सेल्मोचा जीव वाचला, पण त्याला हद्दपार केलं, कारण कोणाला तरी शिक्षा झालेली गावाला दिसायला हवी होती. आणि ओर्सोलाला हुकूम आला: पत्र्यावर ते दोन खांब रेखून द्यावेत.

मला वाटलं ती नाही म्हणेल. गावातही पैजा लागल्या होत्या. तिने पत्रा तापवला, मेण लावलं आणि एका सकाळी ते दोन खांब काढले. चांगले काढले, गाठींसकट. नव्या छापात गाडा त्या खांबांना नाक लावून उभा असल्यासारखा दिसतो. पुढे कसा जाणार हे कोणाला कळणार नाही. मी चाक ओढलं. पुढे त्याच छापाच्या प्रती सगळीकडे गेल्या.

"का केलंत?" मी विचारलं.

"त्यांनी माझ्याकडून नाही तर दुसऱ्याकडून करून घेतलं असतं. आणि त्याने वाईट केलं असतं," ती म्हणाली. मग हात धुता धुता म्हणाली, "हे कारण नाही, मेनिको. मी भ्याले. एकदा धीर केला, दुसऱ्यांदा झाला नाही."

आन्सेल्मो गाव सोडून गेला त्या दिवशी ती वेशीवर गेली. तो गाढवाच्या गाडीवर बसला होता. त्याला हात छातीच्या वर नेता येत नव्हते. टोपी पेल्लेग्रीनाने त्याच्या डोक्यावर ठेवली. ओर्सोला पुढे होऊन गाडीच्या चाकाशी उभी राहिली. तोच आधी बोलला.

"बाई, तुमचा नवरा वर चढला तेव्हा मी खालीच होतो. त्याने मला नमस्कार केला. मी म्हणायला हवं होतं, गास्पारे, मधे बसू नको, कडेला बस. ती तुळई मला आदल्या रात्रीपासून टोचत होती. पण मार्केझेंचा माणूस शेजारी उभा होता." त्याने मान खाली घातली. "दोरीवर मी सगळं सांगितलं, एवढं सोडून."

पेल्लेग्रीनाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तिलाही हे नवं होतं. मग तिने लगाम ओढला. तिने ओर्सोलाचा निरोप घेतला नाही, पण गाडी वळताना मागे वळून एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात जुलैबद्दलचा राग तेवढाच्या तेवढा होता असं मला म्हणता येणार नाही.

परवाना अर्थातच मिळाला नाही. आम्ही यंत्र सुटं करून बैलगाडीवर घातलं आणि बोलोन्याला गेलो. तिथे एका भाच्याच्या नावावर दुकान काढलं. पंख्यांचे कागद, पत्ते, संतांची चित्रं, जत्रेत खपतील अशी. दरबाराचं काम तिने पुन्हा केलं नाही. कोणी आणूनही दिलं नाही. कामात ती पूर्वीपेक्षा हळू झाली होती. एकेक पत्रा छापाला देण्याआधी दोन-दोन दिवस ठेवायची, मग म्हणायची, "मेनिको, तू एकदा बघ. तुला काही खटकतंय का? खटकत असेल तर आत्ताच सांग." मी खरं ते सांगायला शिकलो. सुरुवातीला जड गेलं.

अकरा वर्षं असं चाललं. शेवटच्या हिवाळ्यात तिचीही जवळची नजर गेली, आणि नवऱ्यासारखीच ती जवळचं सोडून लांबचं बघू लागली. ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात छातीत पाणी होऊन गेली. चर्चमागे जागा मिळाली. अंत्ययात्रेत सहा माणसं होती, आणि कोण पुढे चालायचं याचा कोणी विचार केला नाही.